डाव्या हाताचं तीर्थ

भाऊ विद्वांसांनी कुकर गॅसवर चढवला आणि ते पेपर आणायला खाली गेले, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पेपर घेऊन त्यांनी वर यायला हवं होतं. पण वर्तकनगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या बाकावर तेव्हा पार्किंगच्या पट्ट्यांवरून वाद चालला होता, आणि ज्या वादाशी आपला संबंध नाही त्यात मत द्यायचं नाही, असा भाऊंचा स्वभाव नव्हता. भाऊंकडे गाडी नाही. त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं, आणि म्हणूनच ते लांबलं. इकडे कुकरमधलं पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला, व्हॉल्व्ह उडाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून धूर दिसला तेव्हा "कुणाचं तरी जळतंय वाटतं, लक्षच नसतं हो लोकांचं" असं सगळ्यांत आधी भाऊच म्हणाले.

नुकसान म्हणाल तर एक कुकर आणि एक वाटी तूरडाळ. पण पहिल्या मजल्यावरच्या क्षिप्रा लेले सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन होत्या, आणि धूर पुरता बाहेर पडायच्या आत त्याचा फोटो डोंबिवलीला पोचला होता. डोंबिवलीला भाऊंचा मुलगा सौमित्र राहतो. संध्याकाळी तो बायकोला, म्हणजे मैथिलीला, घेऊन हजर झाला.

"भाऊ, आता बस झालं," तो म्हणाला. घरातले-बाहेरचे सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मुलगासुद्धा. "आई गेल्यापासून सांगतोय, आमच्याकडे चला. हॉलमधला सोफा-कम-बेड तुमच्यासाठीच घेतलाय ना."

सोफा-कम-बेड या वस्तूबद्दल भाऊंचं स्वतंत्र मत होतं. पाहुणे आले की ज्याची घडी घालावी लागते आणि झोपलेल्या माणसाला उठून उभं राहावं लागतं, ते अंथरूण नव्हे. बाकी डोंबिवलीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तिथे सुसंस्कृत माणसं राहतात, असं तिथली माणसं स्वतःच सांगतात. सून चांगली होती, मुलगा तर आपलाच होता. पण त्यांची बायको हेमा होती तेव्हापासून घरात एक रीत होती. बेल वाजली की दार भाऊंनी उघडायचं आणि आलेल्याला "या" म्हणायचं, मग तो व्याही असो की मीटरचं रीडिंग घेणारा. हेमा गेल्यावर घरात भाऊंच्या वाटणीला राहिलं होतं ते एवढं दारच. डोंबिवलीला ते दार सौमित्र उघडणार आणि "या" भाऊंना म्हणणार.

मैथिलीने मधला मार्ग काढला. ठाण्यात स्मरणशक्तीच्या तपासणीचं एक क्लिनिक होतं, तिथे भाऊंना दाखवायचं. डॉक्टर सांगतील ते व्यायाम करायचे. दिवाळीपर्यंत पुन्हा भानगड झाली नाही तर भाऊंनी खुशाल इथे राहायचं. झाली, तर पाडव्याला सामान डोंबिवलीला. भाऊंनी हे मान्य केलं, कारण जळक्या कुकरसमोर उभं राहून माणूस फार ताणून धरू शकत नाही.

क्लिनिकमधली डॉक्टर त्यांच्या नातीच्या वयाची वाटत होती आणि तिने सुरुवातच "हं, आजोबा" अशी केली. भाऊंनी ते सोडून दिलं. तिने शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. भाऊ कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात आयुष्यभर टाइमकीपर होते, लोकांच्या उशिराची मिनिटं वजा करण्यात त्यांची हयात गेली होती. ते खाली शून्याच्या पलीकडे जाऊ लागले तेव्हा तिनेच थांबवलं. घड्याळ काढा म्हणाली, तर त्यांनी सेकंदकाट्यासकट काढलं आणि खाली कंपनीचं नाव घातलं. मग तिने विचारलं, "आज तारीख काय?"

"संकष्टी," भाऊ म्हणाले.

"तारीख, आजोबा."

"चंद्रोदय हवा तर सांगतो."

डॉक्टर गोंधळली. तिच्या छापील कागदावर संकष्टीला जागा नव्हती. तिने दार किलकिलं करून बाहेरच्या मुलीला विचारलं, "आज संकष्टी आहे का गं?" ती म्हणाली, "हो मॅडम, म्हणून तर डबा नाही आणला मी." म्हणजे उत्तर बरोबर होतं, पण दुसऱ्या पंचांगातलं. निवृत्त माणसाला तारखेचं काम पडतं कुठे? उपास मात्र चुकवून चालत नाही. डॉक्टरने अर्धा गुण दिला आणि भाऊ काठावर पास झाले.

"काळजीचं कारण नाही," ती सौमित्रला म्हणाली. ज्याचं डोकं तपासलं त्याला न सांगता दुसऱ्यालाच सांगायचं, ही पद्धत भाऊंना आवडली नाही. "वयानुसार थोडं विसरायला होतं. पण मेंदूला नवीन काम द्यायला हवं."

"मला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अजून पाठ आहे," भाऊ म्हणाले आणि त्यांनी सुरुवातही केली.

"छान. पण ते लहानपणचं आहे, त्यात मेंदू झोपूनसुद्धा चालतो. नवीन करा काहीतरी. डाव्या हाताने दात घासा. रोजचा रस्ता बदला. जुन्या ओळखी उकरून काढा. नवीन काही शिका."

अडीचकी येणाऱ्या माणसाचा मेंदू झोपलेला असतो, हे ऐकून भाऊ घरापर्यंत कोणाशी बोलले नाहीत. पण कामाला लागले ते दुसऱ्याच दिवशी. अर्धवट काही करणं त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरने डाव्या हाताने दात घासायला सांगितले होते, भाऊंनी डाव्या हाताने दाढीसुद्धा केली. मग हनुवटीला पट्टी आणि गालाला तुरटी लावून ते खाली पेपर आणायला गेले, तर बाकावर एकदम शांतता पसरली.

सल्ले लगेच सुरू झाले. समोरच्या दाराचे बाबुराव चौबळ म्हणाले, "भाऊ, सुडोकू. बाकी सगळं झूट. मी रोज एक सोडवतो." हे खरं होतं. बाबुराव रोज एक सुडोकू सोडवत, आदल्या दिवशीचा, आजच्या पेपरात त्याचं उत्तर येत असे. क्षिप्राबाईंचा भर ब्राह्मीवर होता.

"माझ्या आत्तेसासऱ्यांनी नेमाने तेल लावलं ना काका, शेवटपर्यंत टवटवीत होते."

"गेले कशाने?"

"वयानेच. पण टवटवीत."

एकाने सांगितलं बागेत उलटं चाला, मेंदूचे बंद पडलेले भाग उघडतात. भाऊ दोन दिवस उलटे चालले. तिसऱ्या दिवशी ते एका बाळाच्या गाडीवर जवळजवळ बसलेच. बाळाला काही झालं नाही, ते हसलंसुद्धा, पण आईने तक्रार केली आणि कमिटीने फळ्यावर सूचना लावली: "उद्यानात सर्व सभासदांनी सुलट चालावे." एका माणसासाठी सर्व सभासदांना सूचना देण्याची ही रीत फार जुनी आहे. ती वाचून ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि ज्यांना कळायला नको त्यांनाही कळतं.

इथे एक गोष्ट भाऊंच्या लक्षात यायला हवी होती, पण ती आली नाही. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून माणूस जे जे करतो, ते लांबून बघणाऱ्याला डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण वाटतं. हनुवटीला पट्टी, उलटं चालणं, आणि आता भाऊ जिन्यात एकटेच कानडी बोलू लागले होते. नवीन शिकायचं म्हणून त्यांनी कानडी धरली होती. "ऊट आयता?" असं ते जिन्याच्या कठड्याला विचारत. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. पण तिसऱ्या मजल्यावर कानडी कोणाला येत नव्हती, आणि क्षिप्राबाईंनी मैथिलीला फोन केला की काका कसलेसे मंत्र म्हणतात.

खरा घात झाला तो सोसायटीच्या श्रावणातल्या सत्यनारायणाला. तोवर भाऊंचा डावा हात चांगला तयार झाला होता. चावी डाव्या हाताने, छत्री डाव्या हाताने, वाण्याकडची पिशवीसुद्धा डाव्या हाताने. फक्त जेवणाला त्यांनी उजवा ठेवला होता, कारण डाव्या हाताने जेवलेलं हेमाला वरून दिसलं तर ती काय म्हणेल. पण तीर्थाचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता. आरती झाली, रांग लागली. गुरुजींनी पळीत तीर्थ घेतलं, मान वर केली, आणि पुढे आलेला तळहात बघून ते तसेच थांबले. तो डावा होता.

गुरुजींची पळी हवेत, भाऊंचा डावा तळहात तिच्याखाली, आणि मागे अख्खी सोसायटी. पूजेचे फोटो काढायचं काम क्षिप्राबाईंकडे होतं आणि त्यांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. भाऊंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हात बदलला, तीर्थ घेतलं, पण गुरुजींनी त्यांच्यापुरता प्रसाद दुरून टाकला. पाठीमागे कोणीतरी "अरेरे" म्हणालं. शिवी दिली असती तरी भाऊंना चाललं असतं, ते "अरेरे" मात्र त्यांना फार लागलं.

पाठोपाठ बँक. भाऊंनी स्वतःला पटवून दिलं होतं की व्यायाम खरा तर व्यवहारात व्हायला हवा. म्हणून त्यांनी पैसे काढायच्या स्लिपवर डाव्या हाताने सही केली. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघितलं, सहीकडे बघितलं आणि मग भाऊंच्या हनुवटीकडे बघितलं.

"काका, सही जुळत नाहीये."

"डाव्या हाताची आहे. थांबा, उजव्याची करतो."

पण बाई इतक्या मायेने बघत होत्या की विद्वांसमधला 'द्वां' जो बिघडला तो बिघडलाच. तिसऱ्यांदा तर तो त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. मागे रांग खोळंबली होती. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, असं करू या का, अंगठा घेते तुमचा." ज्या माणसाने कारखान्यात अंगठेबहाद्दरांना सही करायला शिकवलं, त्याच्यापुढे शाईचा डबा उघडला गेला. भाऊंनी मान खाली घालून उजवा हात पुढे केला.

"उजवा नाही काका. नियमाप्रमाणे डावा लागतो."

साऱ्या भारतवर्षात भाऊंच्या डाव्या हाताला मान मिळाला तो एवढाच. बाईंनी मग काळजीपोटी खात्यावरच्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तो सौमित्रचा होता.

"भाऊ, मी काही बोलत नाही," सौमित्र रात्री फोनवर म्हणाला. काही न बोलता तो बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "मैथिलीने पण बघितलेला तो सत्यनारायणाचा फोटो. ती रडली. आता अजून एक काहीतरी झालं ना, तर पाडव्याची पण वाट नाही बघायची. मी गाडी घेऊन येणार."

भाऊंनी फोन ठेवला आणि उगाच दारापर्यंत जाऊन आले. बेल वाजली नव्हती, पण दार उघडून बघितलं. समोर बाबुरावांचं बंद दार आणि मधे रिकामा जिना. खरंच आपलं डोकं सटकायला लागलं असेल तर? ज्याचं सटकतं त्याला ते कुठे कळतं? ही भीती त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती, डॉक्टरलाही नाही.

एवढ्या सगळ्यावर शहाण्या माणसाने दिवाळीपर्यंत घरात गप्प बसावं. पण डॉक्टरच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी राहिल्या होत्या, नवीन रस्ता आणि जुनी ओळख, आणि राहिलेलं काम भाऊंना झोपू देत नसे. जुनी ओळख म्हणजे कळव्याचा परशुराम पाटील. तो कारखान्यात भाऊंबरोबर होता. सकाळी आधी घरच्या भातखाचरात आणि मिठागरात राबून मग तो कामावर यायचा, म्हणून रोज उशिरा यायचा, आणि भाऊ रोज त्याची मिनिटं कापायचे. त्यातून त्यांची मैत्री झाली. आता खाचरांवर इमारती उभ्या होत्या आणि परशुराम घरी बसून त्यांची भाडी घेत होता.

सकाळी चहा-पोहे उरकून भाऊ निघाले. गॅस बंद केल्याचं तीनदा बघितलं. रिक्षा न करता बसने कोर्टनाक्यापर्यंत आणि तिथून चालत खाडीचा पूल, हा रस्ता त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता. मैथिलीने फोनमध्ये मेंदूला चालना देणारा एक खेळ घालून दिला होता, रंगीत गोट्यांचा. बसमध्ये भाऊ तोच खेळत बसले. दर दोन मिनिटांनी त्यात वधूवर मंडळाची जाहिरात येई आणि ती बंद करायला भाऊंचा सगळा मेंदू लागे. पूल ओलांडेपर्यंत फोनची बॅटरी संपली.

पूल उतरून कळव्यात शिरल्यावर भाऊ चुकले. हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे परशुरामची गल्ली हवी तिथे एका टॉवरची लांबच लांब भिंत होती. ते भिंतीच्या बाजूने गेले, परत आले, खणलेल्या रस्त्याला वळसा घालून भलत्याच आळीत शिरले. मग एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीपाशी ते थांबले आणि त्यांनी स्वतःला सांगितलं, टॉवर बांधायला गावं हलवतात, पण गावदेवीला कोणी हलवत नाही. देऊळ विचारत विचारत ते गेले. देवळासमोर परशुरामचा बंगला, आणि ओटीवर स्वतः परशुराम.

"आरं भाऊ! कं रं, आज वाट चुकलास का?"

"चुकलो होतो," भाऊ म्हणाले. "थोडा उशीर झाला."

"मंग काप मिनटं! माझी लय कापलीस." परशुराम इतका हसला की त्याला खोकला आला. आतून परशुरामची बायको, आवडाबाई, बाहेर आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, जेवल्याबिगर जायाचं नाय." भाऊ मासे खात नाहीत हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवत होतं. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं. भाऊ पोटभर जेवले, परशुरामशी जुन्या मुकादमांवरून भांडले, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्याकडे कोणीतरी नुसतं माणसासारखं बघतंय, तपासत नाही, या सुखात त्यांना वेळेचं भान राहिलं नाही.

वर्तकनगरात मात्र काय झालं होतं, तर बाबुरावांनी सुडोकूतल्या एका चौकटीबद्दल विचारायला भाऊंची बेल वाजवली होती. दार उघडलं नाही. फोन बंद. वॉचमन म्हणाला, साहेब सकाळीच गेले, कठड्याशी बोलत होते. बाबुराव क्षिप्राबाईंकडे गेले. पुढचं सांगायला नको.

आवडाबाई बडीशेप घेऊन आल्या त्या हातात फोन धरूनच. त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा भाऊंकडे.

"भाऊजी, यो तुमीच ना? बगा बरं."

भाऊंनी चष्मा लावला. वर मोठ्या अक्षरात 'हरवले आहेत'. खाली फोटो सत्यनारायणाचा, पण गुरुजींना कापून टाकलेलं. त्यामुळे भाऊ हनुवटीला पट्टी लावून डावा हात पसरून उभे, बघणाऱ्याने खिशातून सुटे काढावेत असे. मजकूर असा: श्री. भाऊ विद्वांस, वय ८२, डावखुरे, स्मृतिभ्रंश. अंगात निळा झब्बा. मराठी समजत नाही, अगम्य भाषेत बोलतात. आढळल्यास कृपया न घाबरवता संपर्क साधावा.

"माझं वय शहात्तर आहे," भाऊ म्हणाले. पहिलं तेच तोंडात आलं. "आणि झब्बा? मी पांढरा शर्ट घातलाय!"

परशुरामने वाचलं आणि यावेळी तो हसला नाही. "पोरा घाबरली असतील रं," तो म्हणाला. "लाव फोन."

खाली नंबर मैथिलीचा होता. भाऊंनी आवडाबाईंच्याच फोनवरून तो लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"तुमचे सासरे सापडलेत," भाऊ म्हणाले.

"कुठे? बरे आहेत ना? बोलतायत का काही?"

"बोलतायत. जेवलेसुद्धा."

"थँक्यू हो, खूप उपकार झाले. तुम्ही कोण बोलताय?"

"तेच."

पलीकडे मैथिली रडायला लागली. तिला रडताना ऐकून भाऊंचा सगळा राग उतरला. वय ८२ लिहिल्याचासुद्धा. "अगं, रडू नकोस," ते म्हणाले, "मी परशुरामकडे आलोय, कळव्याला. फोनची बॅटरी त्या गोट्यांनी खाल्ली." तिने फोन सौमित्रला दिला. सौमित्र फक्त एवढंच म्हणाला, "तिथेच थांबा. हलू नका. आम्ही येतोय."

पाऊण तासाने पुन्हा त्याचा फोन आला, आवाज चिडलेला. "भाऊ, मॅप म्हणतोय पोचलो. इथे नुसती भिंत आहे!"

भाऊ ताठ बसले. "लांब, क्रीम रंगाची?"

"हो."

"ती टॉवरची. तिच्या बाजूने जाऊ नकोस, पुढे रस्ता खणलाय. गाडी मागे घे. भाताची बंद गिरणी दिसेल, पत्रे गंजलेत. दिसली? तिथून आळीत शिरू नकोस, ती भलतीकडे जाते. गिरणीला उजव्या हाताला ठेवून सरळ ये. गावदेवी लागेल."

ही प्रत्येक चूक भाऊंनी सकाळी स्वतः करून बघितली होती, म्हणून ती पाठ होती. दहा मिनिटांत गाडी ओटीशी लागली. सौमित्र उतरला. वडिलांकडे बघितलं, पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, आणि म्हणाला, "घरी चला." कोणत्या घरी, ते मात्र तो बोलला नाही. परशुरामने निरोप देताना भाऊंचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

गाडी निघाली. पूल गेला, कोर्टनाका गेला. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. एक काहीतरी झालं ना तर, असं सौमित्र म्हणाला होता, आणि हे तर एकाहून जास्तच झालं होतं. गाडी वर्तकनगरच्या दिशेने वळली तेव्हा त्यांनी श्वास सोडला, पण ती सामान बांधायलाही वळली असेल, हे त्यांना कळत होतं.

तिसऱ्या मजल्यावर अर्धी सोसायटी जमली होती. सगळ्यांचे चेहरे दहाव्याला आल्यासारखे. "दमला असाल काका," क्षिप्राबाई म्हणाल्या, अगदी हळू आणि तोडून तोडून, अगम्य भाषा बोलणाऱ्याशी बोलतात तसं. भाऊ दारापुढे उभे राहिले आणि त्यांनी खिशात हात घातला.

उजवा खिसा. रुमाल होता, बसचं तिकीट होतं. किल्ली नव्हती. शर्टाचा खिसा. चष्म्याचं घर. पुन्हा उजवा खिसा. रुमाल बाहेर काढून झटकला.

सौमित्रने मैथिलीकडे बघितलं. मैथिलीने खाली बघितलं. किल्ली परशुरामकडे राहिली? बसमध्ये पडली? की सकाळी कुलूपच लावलं नाही? त्यांना काहीएक आठवेना, आणि ज्या भीतीबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते ती आता सगळ्या सोसायटीच्या देखत त्यांच्या अंगावर आली.

"माझ्याकडे आहे ना जादाची!" बाबुराव म्हणाले. शेजारी एक किल्ली ठेवायची, ही हेमाचीच पद्धत. बाबुराव आत गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग कपाट, मग डब्यांची झाकणं. "इथेच ठेवली होती हो... कुठे बरं..." रोज एक सुडोकू सोडवणाऱ्या माणसाच्या घरातून बराच वेळ उलथापालथ ऐकू येत राहिली. कोणी हसलं नाही.

"भाऊ, राहू दे," सौमित्र हळूच म्हणाला. "आज आमच्याकडेच चला. किल्लीवाला उद्या बघू." त्याने वडिलांच्या कोपराला हात लावला. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून भाऊंना ते जास्त लागलं. ते वळायला लागले. जिना उतरायचा म्हणून कठडा धरायला त्यांचा हात पुढे गेला, आणि तो डावा होता.

भाऊ थांबले.

चावी डाव्या हाताने. छत्री डाव्या हाताने. मग चावी राहणार कुठे? त्यांनी डावा हात डाव्या खिशात घातला. किल्ली तिथे होती, सकाळपासून होती, श्रावणापासून रोज तिथेच असायची. शोधणारा हात तेवढा घाबरून जुन्या सवयीवर गेला होता.

त्यांनी डाव्या हातानेच किल्ली लावली. कुलूप एका झटक्यात उघडलं. भाऊ आधी आत शिरले, चपला काढून कडेला ठेवल्या, दिवा लावला, मग मागे वळून दाराच्या चौकटीत उभे राहिले. समोर मुलगा, सून, क्षिप्राबाई, आणि हातात भलतीच किल्ली घेऊन बाहेर आलेले बाबुराव. भाऊंनी दार पूर्ण उघडलं.

"या," ते म्हणाले.

सगळे आत आले. सौमित्र सोफ्याच्या कडेवर टेकला, पाहुणे टेकतात तसा. भाऊंनी चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं, चहा गाळला. मैथिली कप न्यायला आत आली तेव्हा तिचे डोळे पहिल्यांदा गॅसच्या बटणाकडे गेले. ते बंद होतं. तिने कप उचलले, आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "साखर तुझ्यात कमी घातलीय त्यांनी. आठवण ठेवून." सौमित्रने चहा प्यायला. मग म्हणाला, "दिवाळीला फराळ तुमच्याकडेच करू भाऊ. आम्ही येऊ."

"या," भाऊ पुन्हा म्हणाले.